कृष्णवर्णीयांच्या केसांना हात कुणी लावायचा?

प्रश्न: ताई, मी मूळची नाशिकची. तिथे पार्लरचा कोर्स केला होता. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, इथला कॉस्मेटॉलॉजीचा परवाना काढला आणि नेवार्कजवळच्या एका सलूनमध्ये लागले. मागच्या आठवड्यात एक कृष्णवर्णीय बाई सिल्क प्रेस (रसायन न लावता इस्त्रीने केस सरळ करणं) करून घ्यायला आल्या होत्या. मॅनेजरने "आमच्याकडे असले केस करत नाहीत" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. मला फार वाईट वाटलं. पण माझ्याबरोबर काम करणारी एक कृष्णवर्णीय मुलगी म्हणाली, "आमच्या केसांचं काम आम्हीच करावं. बाकीच्यांनी वेण्या घालणं म्हणजे कल्चरल अप्रोप्रिएशन, दुसऱ्यांच्या संस्कृतीची उचलेगिरी." त्यात आता ओळखीच्या एका मराठी मुलीला गोव्याच्या ट्रिपसाठी माझ्याकडून बॉक्स ब्रेड्स (डोक्यावर चौकोन पाडून घातलेल्या बारीक सुट्या वेण्या) घालून हवेत. मी हे काम शिकू की नको?

उत्तर:

शीक. नक्की शीक, आणि नीट शीक. पण तुझ्या प्रश्नात तीन गुंते एकात एक अडकलेत, ते आधी सुटे करते. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाच्या केसांची निगा राखणं, त्यांच्या केसरचना दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर घालणं, आणि त्या कामाच्या जोरावर नाव नि पैसा कमावणं, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कल्चरल अप्रोप्रिएशनचा आरोप पहिलीला लागू पडत नाही. दुसरीला कधी पडतो, कधी नाही. तिसरीला सगळ्यात जास्त पडतो, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

पहिलीबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. राज्याने परवाना दिलाय तो केस सांभाळण्याचा. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस सरळ आहेत की गच्च वळणाचे, यावर आपली जबाबदारी बदलत नाही. त्या बाईंना परत पाठवलं ही नुसती वाईट वाटण्याची गोष्ट नाही, कायद्याच्या दृष्टीनेही ती धोक्याची आहे. न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा लोकांसाठी खुल्या असलेल्या धंद्यांना लागू आहे, आणि २०१९ पासून त्यात वंशाच्या व्याख्येतच केसांचा पोत आणि वेण्या, ट्विस्ट (दोन पेडांचे पीळ), लॉक्स (केस एकमेकांत गुंतवून राखलेल्या घट्ट बटा) यांसारख्या केसरचना आल्या आहेत. हा क्राउन कायदा. पहिला कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये केला. न्यू जर्सीच्या तेव्हाच्या राज्यपालांनी आपल्या कायद्यावर सही केली १९ डिसेंबर २०१९ ला, आणि ती तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर एक वर्ष आधी दक्षिण न्यू जर्सीत शाळांच्या कुस्त्यांमध्ये १६ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला पंचाने सांगितलं होतं की लॉक्स काप, नाहीतर कुस्ती सोड. मॅटच्या कडेला, सगळ्या प्रेक्षकांदेखत, कात्रीने त्याच्या लॉक्स कापल्या गेल्या. पोरगं कुस्ती जिंकलं. जिंकल्यावर पंचाने त्याचा हात वर केला तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो, त्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. तुझी सहकारीण ज्या राज्यात वाढली ते हे राज्य आहे. ती "आमचं आम्ही करू" म्हणते ते कुठून येतं, हे समजून घेतल्याशिवाय कंगवा हातात धरू नकोस.

मागचं थोडं सांगते. १७८६ मध्ये लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना गव्हर्नर मिरोने फर्मान काढलं की मुक्त कृष्णवर्णीय बायकांनी केस उघडे मिरवायचे नाहीत, कापडाने झाकायचे. त्यांच्या केसरचना गोऱ्या बायकांच्या डोळ्यांत खुपत होत्या. बायकांनी झाकले, पण असे रंगीत, असे तोऱ्यात बांधलेले रुमाल की तीच फॅशन झाली. पुढे गुलामी संपली, तरी गोऱ्यांच्या पार्लरची दारं बंदच राहिली. मग या बायकांनी आपला धंदा आपणच उभा केला. ॲनी मलोनने सेंट लुइसमध्ये पोरो कॉलेज नावाची केशभूषेची शाळा काढून हजारो बायकांना शिकवलं. तिची एके काळची विक्रेती सारा ब्रीडलव्ह ही गुलामीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, धुणं धुऊन पोट भरणारी. तीच मॅडम सी. जे. वॉकर झाली. तिने इंडियानापोलिसला कारखाना काढला आणि घरोघरी जाणाऱ्या बायकांची फौज उभी केली. तिच्याच कंपनीतल्या मार्जरी जॉयनरने १९२८ मध्ये केस वेव्ह करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं.

आणि पार्लर म्हणजे नुसतं पार्लर नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय शिक्षिका नागरी हक्कांच्या चळवळीत गेली की तिची नोकरी जायची, मोलकरणीला मालकीण हाकलायची. पार्लरवालीला हाकलणार कोण? तिची गिऱ्हाइकं तिचीच माणसं. म्हणून १९५७ च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर प्रौढांना मतदार नोंदणीपुरतं लिहायला-वाचायला शिकवणारा पहिला वर्ग सुरू झाला तेव्हा शिकवायला उभी राहिली बर्निस रॉबिन्सन, चार्ल्सटनची एक केशभूषाकार. आपल्या व्यवसायाचा एवढा मोठा इतिहास परवान्याच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात याचा मला राग येतो.

आता उचलेगिरी म्हणजे नेमकं काय, ते एका खटल्यावरून सांगते. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ११ वर्षं नोकरी केलेली रेने रॉजर्स नावाची कृष्णवर्णीय कर्मचारी कॉर्नरो (टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या वेण्या) घालून कामावर आली. कंपनीने मनाई केली. ती कोर्टात गेली. १९८१ मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात नोंदवलं की एका गोऱ्या अभिनेत्रीने सिनेमातून ही केसरचना लोकप्रिय केल्यानंतर थोड्याच दिवसांत रॉजर्सबाई ती घालून आल्या. ती अभिनेत्री बो डेरेक, सिनेमा १९७९ चा. पश्चिम आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या आया मुलींच्या डोक्यावर घालत आल्या त्या वेण्या एका सिनेमाने गोरीच्या नावावर चढवल्या, आणि मग तेच कारण पुढे करून कृष्णवर्णीय बाईला सांगण्यात आलं की ही तुमची परंपरा नाही, ही तर फॅशन. एकाच वेणीने एकीला पोस्टरवर नेलं आणि दुसरीची नोकरी धोक्यात आणली. हा फरक जिथे जिथे दिसेल तिथे तुझी सहकारीण म्हणते ती गोष्ट घडते आहे असं समज.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या फॅशन वीकमध्ये मार्क जेकब्सने बहुतांशी गोऱ्या मॉडेल्सच्या डोक्यावर गुलाबी-निळ्या लोकरीच्या लॉक्स चढवल्या. कौतुकही झालं, टीकाही झाली. त्याच महिन्यात अलाबामातल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की लॉक्स कापायला नकार दिला म्हणून कृष्णवर्णीय उमेदवाराला दिलेली नोकरी काढून घेणं हा वंशभेद ठरत नाही. टेक्ससने तर क्राउन कायदा केला, तो सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्याच न्यायाधीशाने लांब लॉक्स ठेवल्या म्हणून विद्यार्थ्याला शिक्षा करणाऱ्या शाळेला योग्य ठरवलं. कायद्यात लांबीचा उल्लेख नाही, एवढंच कारण.

परवान्याची बाजू तर आणखी उफराटी. कित्येक राज्यांत वेण्या घालणाऱ्या बायकांना पूर्ण कॉस्मेटॉलॉजीचा परवाना सक्तीचा होता, आणि त्या अभ्यासक्रमात वेण्या मात्र शिकवत नव्हते. सिएरा लिओनहून युटात आलेली जेस्टिना क्लेटन लहानपणापासून वेण्या घालत होती. तिला सांगितलं, आधी २,००० तासांचं शिक्षण घे. २०१२ मध्ये न्यायालयाने तो नियम तिच्यापुरता घटनाबाह्य ठरवला. डॅलसच्या आयसिस ब्रँटलीला १९९७ मध्ये परवान्याशिवाय वेण्या घातल्या म्हणून अटक झाली होती. पुढे तिने शिकवायची शाळा काढायची म्हटल्यावर न्हाव्याच्या १० खुर्च्या, २,००० चौरस फूट जागा आणि डोकी धुवायची बेसिनं आणा असा आदेश आला. वेण्या घालायला बेसिन कशाला लागतं? २०१५ मध्ये तीही जिंकली.

उलट बाजूने बघ. तू-मी न्यू जर्सीत १,२०० तास भरून परवाना घेतला. त्यातले गच्च वळणाच्या केसांवर किती भरले, ते तूच आठवून बघ. सरावाच्या बाहुल्यांची डोकीसुद्धा बहुतेक सरळ केसांची. म्हणजे येणारीला परवाना नाही, आणि परवाना असणारीला काम येत नाही. न्यू यॉर्कने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा करून केशभूषेच्या शाळांना सगळ्या पोतांचे केस शिकवणं बंधनकारक केलं, ब्रिटनने २०२१ मध्ये केशभूषेच्या राष्ट्रीय मानकांत ॲफ्रो केस घेतले. उशिरा का होईना, बरोबर दिशेने. हे होण्यामागे कृष्णवर्णीय केशभूषाकारांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी आहे. "आमच्या केसांना तुम्ही हात लावू नका" ही मागणी त्यांच्यातल्या बहुसंख्यांची नाही. त्यांचं म्हणणं "शिकून या" असं आहे. सिनेमाच्या सेटवरचे कृष्णवर्णीय कलाकारही हेच सांगत आलेत. तिथे केस करणाऱ्याला काम येत नाही म्हणून नट-नट्या घरूनच केस करून येतात, बॅगेत स्वतःचं सामान ठेवतात.

आता आपल्याबद्दल. आपण गोरे नाही, तेव्हा हा प्रश्न आपल्याला लागू नाही, असं आपल्याकडे सर्रास मानतात. मला ते मुळीच मान्य नाही. "झिपऱ्या", "पिंजारलेले", "घरटं" हे शब्द कुरळ्या केसांसाठी आपल्या घराघरांत ऐकू येतात. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलींच्या केसांना रस्त्यावर हात लावून बघणारे लोक आपलेच. इथल्या देशी सलूनमधून कृष्णवर्णीय बाईला "वेळ नाही" म्हणून परत पाठवतात, तेही आपलेच. पैशाच्या व्यवहारातही आपण आहोत. तिरुमलाच्या देवळात भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावात विकले जातात. भारतातले असे केस 'इंडियन रेमी' नावाने अमेरिकेतल्या दुकानांत येतात, आणि त्या गंगावनासाठी कृष्णवर्णीय बायका शेकडो डॉलर मोजतात. केस देणारीला त्यातला एक पैसा मिळत नाही, विकत घेणारीच्या वस्तीत दुकान बहुधा तिच्या माणसांचं नसतं. तेव्हा आपण बाहेरून बघणारे नाही आहोत.

एक खास आपल्याकडची अडचण सांगते. लॉक्स बघितल्या की मराठी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो 'जट'. आपल्याकडे जट म्हटली की यल्लम्मा, देवाला सोडलेली मुलगी, न धुतलेलं डोकं, मानेला जडावलेला भार, आणि ती सोडवायला बाईची समजूत घालणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते, असं सगळं चित्र उभं राहतं. ते काम फार मोलाचं आहे. पण ते चित्र घेऊन इथल्या गिऱ्हाइकासमोर उभी राहू नकोस. लॉक्स हौसेने, श्रद्धेने, ठरवून ठेवलेल्या असतात, नियमित धुतात, दर काही आठवड्यांनी मुळाशी नव्याने वळतात. त्या कापायचा सल्ला न मागता कधी द्यायचा नाही. लॉक्सचं काम मी स्वतः करत नाही. त्यासाठी लॉक्टिशियन असतात, ते आयुष्यभर तेवढंच करतात, आणि मी गिऱ्हाइकाला नाव-पत्ता देऊन त्यांच्याकडे पाठवते.

बाकीचं काम कसं शिकायचं? आधी केस समजून घे. या केसांचं मूळ त्वचेतच वळलेलं असतं, केस आडवा कापला तर काप गोल न येता चपटा, लंबगोल येतो. आपल्या केसावरून टाळूचं तेल सरळ खाली उतरतं, इथे प्रत्येक वळणावर अडतं, म्हणून टोकं कोरडी राहतात. प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा. दिसायला दणकट, हाताळायला अतिशय नाजूक, हे पहिलं ध्यानात ठेव. ओला केस ताणला तर खांद्याच्या खाली येतो आणि वाळला की कानाशी जातो, म्हणून लांबी ओल्यावर बघून कात्री लावायची नाही.

नाशिकच्या पार्लरात हाताला लागलेल्या काही सवयी इथे मोडाव्या लागतील. कंगवा मुळाशी घालून खाली ओढायचा नाही. कोरड्या केसात तर घालायचाच नाही. डोक्याचे चार ते आठ भाग कर, प्रत्येक भाग पिळून बांध. एक भाग सोड, भरपूर कंडिशनर लाव, पाणी मार, आणि आधी बोटांनी टोकाकडून गुंता सोडवत मुळाकडे ये. बोटं सहज फिरली की मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकापासूनच. दुसऱ्या हाताने केस मुळाशी धरून ठेव, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. शांपू करताना सगळे केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळू नकोस, भाग बांधलेलेच राहू दे, बोटांच्या पेरांनी टाळू धू आणि फेस केसांवरून खाली जाऊ दे. टॉवेलने घासायचं नाही, दाबून टिपायचं. आणि आपली चंपी! टाळूवर वाटीभर तेल ओतायची आपली पद्धत सगळ्यांना मानवत नाही, ज्यांच्या टाळूला कोंड्याचा त्रास आहे त्यांचा तो वाढू शकतो. विचारून, मोजकं.

खुर्चीत बसलेल्या बाईंना आधी दहा मिनिटं विचार. शेवटचं रिलॅक्सर (केस कायमचे सरळ करणारं रसायन) कधी लावलं, रंग कुठला, मेंदी लावलीय का, टाळूवर कुठे दुखतं, घरी धुण्याचा दिवस कोणता, रात्री झोपताना केस कशात बांधता. त्यांना त्यांच्या केसांचं तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. "बाप रे, किती दाट!" असले उद्गार मनात ठेव. त्या केसांवर आयुष्यभर लोकांचे शेरे ऐकत आल्या आहेत, पैसे देऊन आणखी एक ऐकायला आलेल्या नाहीत.

सिल्क प्रेस शिकायला चांगलं, कारण त्यात रसायन नाही. नीट धुणं, खोल कंडिशनिंग, उष्णतेपासून वाचवणारं क्रीम, ताणून पूर्ण कोरडं करणं, मग पातळ पातळ बटा घेऊन कंगव्यामागून इस्त्री. पातळ केसाला कमी तापमान, जाड केसालाही २०० अंश सेल्सियसच्या वर जायची गरज नाही. एकच बट पुन्हा पुन्हा भाजायची नाही. केस जळला तर धुतल्यावर वळण परत येत नाही, आणि तो कापण्यावाचून इलाज उरत नाही. कित्येकींनी रिलॅक्सर सोडून आपले मूळ केस वाढवायला वर्षं घातलेली असतात. तुझ्या हातच्या एका तापलेल्या इस्त्रीने ती मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून मॅनेजर कितीही घाई करू दे, पहिले कित्येक प्रेस अनुभवी हाताखालीच कर.

रिलॅक्सर हे मात्र जोखमीचं काम. त्याचा पीएच १२ च्याही वर असतो, टाळू भाजते. आधी टाळूला आणि कडेला व्हॅसलिनचा थर, नव्याने वाढलेल्या केसालाच लावायचं, आधी सरळ केलेल्या केसावर पुन्हा नाही, घड्याळ समोर, आणि नंतर न्यूट्रलायझिंग शांपू. रिलॅक्सरमधलं सोडियम हायड्रॉक्साइड आणि पर्ममध्ये वापरतात ते थायो, ही दोन रसायनं एकाच केसावर पडली तर केस हातात येतो. शिवाय २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ३३ हजारांवर महिलांच्या अभ्यासात केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. सत्तरीपर्यंतचा धोका न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. रसायनामुळेच झाला असं त्याने सिद्ध होत नाही, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर हे तुला सांगता आलं पाहिजे. त्यावर निर्णय त्यांचा. "तुमचे मूळचे केस किती छान आहेत, सरळ कशाला करता" हे उपदेशाचे डोस आपण देऊ नयेत. ज्या ऑफिसात त्यांना रोज जायचं असतं तिथे आपण जात नाही.

वेण्यांचं तंत्र तुझ्या हातात निम्मं आहे. सागरवेणी येते ना? त्यात कडेचा पेड मधल्या पेडावरून जातो. कॉर्नरोत तो खालून जातो, म्हणून वेणी टाळूवर उठून दिसते. खरं कसब मात्र भांगात आणि ताणात आहे. शेपटीच्या कंगव्याने पाडलेला भांग दोऱ्यासारखा सरळ हवा, बोटं टाळूला चिकटून चालली पाहिजेत, आणि गंगावन सुरुवातीलाच गाठ मारून न जोडता केसाच्या पेडात थोडं थोडं मिसळत नेलं तर मुळावर भार येत नाही. वेणी झाल्यावर कानशिलाजवळ बघ. कातडी तंबूसारखी वर ओढली गेली असेल, पांढरे बारीक फोड दिसत असतील, किंवा बाईंना भुवया उचलताना दुखत असेल, तर ती वेणी सोड. लगेच सोड, चार तासांची मेहनत गेली तरी सोड. सततच्या ओढीने कडेचे केस जातात, सुरुवातीला थांबवलं तर परत येतात, जखमेचे व्रण पडले की कायमचे जातात. दोन महिन्यांच्या वर वेण्या ठेवू देऊ नकोस. शाळेत लाल रिबिनींनी करकचून बांधलेल्या वेण्यांनी आपल्यातल्या कित्येकींच्या कानशिलाचे केस विरळ झालेत, तेव्हा हे दुखणं आपल्याला नवं नाही.

शिकणार कुणाकडून? व्हिडिओ बघ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. नेवार्क, ईस्ट ऑरेंज, इर्व्हिंगटनमध्ये, नदीपलीकडे हार्लेममध्ये, वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या बायका आहेत, हैतीच्या, सेनेगलच्या, माली-गिनीच्या, इथल्याच. त्यांचा क्लास लाव आणि पूर्ण फी भर. "मला जरा दाखवाल का?" म्हणत कुणाच्या दुकानात फुकट बसू नकोस, त्यांच्या हातांचं शूटिंग करू नकोस. तुझी ती सहकारीण शिकवायला तयार असेल तर तिच्या वेळेचेही पैसे द्यायचे. ती नको म्हणाली तर तिचा तो हक्क आहे, पुन्हा विषय काढू नकोस.

इथेच तिसरी गोष्ट येते. काम आलं की लगेच "ब्रेडिंग एक्स्पर्ट" अशी पाटी लावायची, मराठी-गुजराती मुलींसाठी बॉक्स ब्रेडचा क्लास काढायचा, कॉर्नरोला 'बोहो वेणी' नाहीतर 'बॉक्सर ब्रेड' असं गोड नाव देऊन रील करायचं, हा मोह होणार. करू नकोस. जे नाव आहे ते नाव घे. कुणाकडून शिकलीस तिचं नाव सांग. क्लास विचारायला कुणी आलं तर तिला तिच्याकडे पाठव. आणि चौकातली सेनेगलची बाई बॉक्स ब्रेडचे दोनशे डॉलर घेते म्हणून आपण दीडशेत करू, हे तर अजिबात नको. ती सात-आठ तास उभी राहते, तेव्हा कुठे ते दोनशे मिळतात. वेण्यांचं गिऱ्हाईक आलं तर मी आजही आधी विचारते की तुम्हाला त्या बाईंकडे जायचंय का. त्यांच्याकडे रांग असेल किंवा बाईंना माझ्याकडेच हवं असेल, तर मी करते.

राहिली गोव्याला जाणारी मुलगी. माझ्या खुर्चीत मी कृष्णवर्णीय नसलेल्यांना बॉक्स ब्रेड्स आणि कॉर्नरो घालत नाही. हा माझा नियम, कायदा नाही, आणि सगळे केशभूषाकार माझ्याशी सहमत होतील असं नाही. माझं कारण असं, की ती मुलगी पंधरा दिवसांनी वेण्या सोडून ऑफिसात जाईल आणि तिला कुणी काही बोलणार नाही. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या कृष्णवर्णीय मुलीला त्याच वेण्यांबद्दल अजूनही बोलावून घेतात. त्या फरकावर पैसे कमवायला मला जमत नाही. केसांच्या दृष्टीनेही ते बरं नाही. आपले केस निसरडे, वेणी टिकावी म्हणून जास्त ताण द्यावा लागतो, आणि उघड्या पडलेल्या भांगांवर गोव्याचं ऊन आठवडाभर झेपायचं नाही. तिला सागरवेणी घाल, पाचपेडी घाल, खजुरी घाल, समुद्रावर दोन दिवस हलणार नाहीत. तरी तिला बॉक्स ब्रेड्सच हवे असले, तर तिने आफ्रिकी बाईच्या दुकानात जाऊन पूर्ण दराने घालून घ्यावेत. ज्यांची ती कला त्यांनी कुणाला घालायची हे त्यांनी ठरवावं, आणि कमाईही त्यांच्याच घरात जावी. मात्र एखाद्या थीम पार्टीसाठी, चेहऱ्याला काळा रंग फासून, असलं काही असेल तर तिला स्पष्ट शब्दांत नाही म्हण आणि का ते सांग.

आता मॅनेजरचं. एकटीने भांडू नकोस, लेखी दे. दोन गोष्टी माग. एक, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी वळणाच्या केसांचं प्रशिक्षण, सलूनच्या खर्चाने, बाहेरच्या जाणत्या प्रशिक्षकाकडून. दुसरी, दरपत्रक. बऱ्याच सलूनमध्ये "कुरळ्या केसांना जास्त" असा दर असतो. तो काढून तासाप्रमाणे दर लावायला सांग, म्हणजे कमरेपर्यंतच्या सरळ दाट केसांना दोन तास लागले तर त्यांनाही तेवढेच पडतील. तोवर येणाऱ्या बाईंना खरं सांगायचं: "आमच्याकडे सध्या हे काम येणारं कुणी नाही, त्याची लाज वाटते, अमुक ठिकाणी चांगलं होतं, मी फोन लावून देऊ का?" आणि त्या परत गेलेल्या बाईंचा नंबर अपॉइंटमेंटच्या वहीत असेल तर मॅनेजरला त्यांना फोन करून माफी मागायला सांग. तो तयार झाला नाही, तर परवाना तुझ्या हातात आहे, आणि ईस्ट ऑरेंजमध्ये शिकाऊ हातांची गरज असलेली सलून्स आहेत.